रोजच्या घोडेस्वारीसाठी शर्ट कसा निवडावा: माप, कापड, बेत आणि धुणं

दुकानात आरशासमोर उभं राहून घेतलेला शर्ट तिथं झकास दिसतो. खोगिरावर बसलं, हात पुढं लगामाला गेले की त्याच शर्टाची पाठ ताणते आणि काखेत वळ्या पडतात. दुडकी (चाल आणि दौड यांच्यामधली उसळती गती) सुरू झाली की मागचा घेर पँटबाहेर येऊन फडफडायला लागतो. मग माणूस एका हातानं लगाम धरून दुसऱ्या हातानं शर्ट खोचत बसतो. लक्ष घोड्यावरून उडण्याचं हे अगदी नेहमीचं कारण आहे.

आपल्या सीमाभागात घोडा रोजच्या पाहण्यातला आहे. चिकोडी, कागवाड, अथणीकडं घोडागाडीच्या शर्यतींसाठी घोडी सांभाळणारी घरं आहेत, अंकलीहून माऊलींचे अश्व आळंदीला निघतात, आणि शहरात हौसेनं स्वारी शिकणारी मुलंमुलीही आहेत. घोड्याच्या चंदीत आणि नालात कसूर न करणारी माणसं स्वतःच्या शर्टाच्या बाबतीत मात्र उलट्या क्रमानं जातात. आधी रंग, मग कंपनी, मग साईज, आणि कापड कसलं आहे ते पहिल्या घामानंतर कळतं. खालच्या पायऱ्या आहेत त्याच क्रमानं घ्या. मधली एखादी गाळली की पुढची फुकट जाते.

एक गोष्ट आधीच सांगतो. हेल्मेट आणि टाचेचे बूट यांची जागा कुठलाही शर्ट घेत नाही. पैसे मोजके असतील तर ते आधी तिकडं घाला.

१. आधी वापर ठरवा

चार प्रश्नांची उत्तरं कागदावर लिहा. स्वारी किती वाजता? किती वेळ? नुसती चाल, की दुडकी आणि दौडही? मैदानात, की शेतातून, झाडीतून?

उत्तर गावागणिक बदलतं. बेळगाव शहर समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंच आहे. जानेवारीत सकाळी सहाला तिथं स्वेटर लागतो आणि साडेनऊला तोच नकोसा होतो. अथणी-रायबागकडं एप्रिलमध्ये नऊ वाजताच ऊन पाठ भाजतं. जांबोटी, कणकुंबीकडं जून ते सप्टेंबर भिजलेला शर्ट दोन-दोन दिवस वाळत नाही. या तिन्ही ठिकाणी एकच शर्ट चालवायचा म्हटलं तर कुठंच धड चालत नाही.

रोज बसणाऱ्याला साधारणपणे लांब बाह्यांचे दोन पातळ शर्ट, पावसाळ्यासाठी लवकर वाळणारा एक विणीचा टी-शर्ट आणि थंडीत वरून घालायला अंगालगत बसणारं बिनबाह्यांचं जाकीट एवढं पुरतं. पण सगळं एकदम घेऊ नका.

*सावध:* पहिला शर्ट निदान आठवडाभर वापरून, एकदा धुऊन बघितल्याशिवाय दुसरा घ्यायचा नाही. सेलमध्ये एकाच मापाचे तीन आणले आणि तिन्ही काखेत काचले, की तिन्ही पडून राहतात.

२. माप बसून घ्या

उंच स्टुलावर पाय फाकवून, पाठ सरळ ठेवून बसा. कोपर अंगाजवळ आणि मुठी पोटापुढं, लगाम धरल्यासारख्या. टेप दुसऱ्याच्या हातात द्या, स्वतःचं माप स्वतः नीट घेता येत नाही.

*छाती:* काखेखालून, नेहमीचा श्वास घेऊन. साध्या विणलेल्या कापडाच्या शर्टाला अंगाच्या मापापेक्षा ४ ते ५ इंच जास्त लागतात. ताणणाऱ्या कापडाला २ ते ३ इंच पुरतात.

*पाठ:* हे माप बहुतेक जण घेतच नाहीत. हात खाली सोडून एका काखेच्या मागच्या घडीपासून दुसऱ्या घडीपर्यंत मोजा, मग हात लगामावर धरून परत मोजा. दोन्हींत जो फरक येईल तेवढी ढील शर्टाच्या पाठीत हवी.

*बाही:* खांद्याच्या हाडापासून, वाकवलेल्या कोपरावरून, मनगटाच्या हाडापर्यंत. सरळ हातावर माप घेतलं तर लगाम धरल्यावर कफ मनगट सोडून वर चढतो.

*मागची उंची:* मानेच्या मणक्यापासून बैठकीपर्यंत. बेल्टच्या खाली मागच्या बाजूला निदान ५ ते ६ इंच कापड राहिलं पाहिजे.

*मान:* कॉलरचं बटण लावून आत दोन बोटं सहज जायला हवीत. हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली येतो, त्यात कॉलरही घट्ट असली तर मान वळवणं जड जातं.

आता सगळ्यात जास्त होणारी चूक. पाठ ताणते म्हटल्यावर माणूस एक साईज मोठा शर्ट घेतो. ४०च्या जागी ४२ घेतला की खांद्याची शिवण दंडावर उतरते आणि मुंढा (बाही जोडतात तो गोल भाग) खाली जातो. मुंढा जितका खाली, तितका हात उचलताना अख्खा शर्ट त्याच्याबरोबर वर ओढला जातो. म्हणजे सैल शर्ट घट्ट शर्टापेक्षाही लवकर पँटबाहेर येतो, वर कंबरेला कापडाचा फुगाही येतो. मुंढा काखेच्या जवळ आणि मोकळीक पाठीत, असा शर्ट हवा. ही एवढी गोष्ट ध्यानात ठेवून दुकानात गेलात तरी निम्मी चुकीची खरेदी टळेल.

*तपासा:* शर्ट घालून हात सरळ वर करा. घेर दीड-दोन इंचांपेक्षा जास्त वर गेला तर मुंढा खोल आहे. दुसरा बघा.

३. कापड हाताळून बघा

सुती कापड घाम पितं, अंगाला गार लागतं, पण भिजलं की वाळायला वेळ घेतं आणि पाठीला चिकटतं. पॉलिएस्टर लवकर वाळतं आणि चुरगळत नाही, पण घामाचा वास धरून ठेवतं. वारा नसताना दाट विणीचं पॉलिएस्टर घातलं तर आत कोंडल्यासारखं होतं. नीटनेटकं दिसणं आणि आराम दोन्ही हवं असेल तर सुती जास्त असलेलं मिश्र कापड, उदाहरणार्थ ६०:४०चं, रोजच्याला सोयीचं पडतं. अथणीच्या कोरड्या उन्हात मी निव्वळ सुतीच सुचवीन. खानापूरच्या पावसात नाही.

साध्या विणलेल्या शर्टाचं कापड १०० ते १३० जीएसएमचं (चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाचं) असलं की उन्हाळ्यात निभतं. पोलो टी-शर्ट साधारण २००च्या आसपास किंवा पुढं असतात, ते हिवाळी सकाळी ठीक. लिनन हवेशीर खरं, पण खोगिरावरून उतरेपर्यंत त्याचा चुरगळा होतो. शहरातून परस्पर कामावर जाणाऱ्यानं त्याच्या नादी लागू नये.

दुकानात चार गोष्टी करून बघा.

कापडाचा कोपरा मुठीत दहा सेकंद दाबून सोडा. सुरकुत्या तशाच राहिल्या तर अर्ध्या तासाच्या स्वारीनंतर पाठ कशी दिसेल ते तिथंच कळलं.

कापड उजेडासमोर धरा. पलीकडची बोटं स्पष्ट दिसली तर ऊन तसंच आत येणार. ज्या कपड्यावर यूपीएफ ५० लिहिलेलं असतं तो अतिनील किरणांपैकी सुमारे २ टक्केच आत सोडतो. साध्या कापडात दाट वीण हाच त्यातला आधार.

कापड कानाजवळ चोळा. पावसाळी जाकिटासारखा सरसर आवाज करणारं कापड बुजऱ्या घोड्याला खपत नाही.

आतली बाजू कोपराच्या लवणीत घासून बघा. तिथली कातडी नाजूक असते, टोचणारं कापड लगेच सांगते.

शक्य असेल तर पाण्याचा एक थेंबही टाकून बघा. नव्या कापडावर खळ असते, त्यामुळे थेंब वरच राहिला म्हणून लगेच नापास करू नका. घरी एकदा धुऊन पुन्हा टाका. तेव्हाही पाणी पसरलं नाही, तर घामही पसरणार नाही.

थानातून कापड घेणार असाल तर काठाचा एक धागा काढून मोकळ्या जागी, चिमट्यात धरून जाळून बघता येतो. सुती धागा कागदासारखा जळून राख होते, पॉलिएस्टर वितळून कडक मणी होतो. ‘शंभर टक्के कॉटन’ म्हणून दिलेल्या कापडात पॉलिएस्टर आहे का, ते असं कळतं.

४. शिवण आणि बेत

शर्ट उलटा करा आणि काखेत बघा. चार शिवणी एकत्र येऊन तिथं जाड गाठ झाली असेल तर तो शर्ट रोजच्या स्वारीचा नाही. दर पावलाला हात थोडा हलतो, दुडकीत जास्त, आणि तासाभरात तेवढी गाठ काख लाल करते. शिवण सपाट, दाबून घातलेली हवी. अंगावर सुरक्षा जाकीट घालत असाल तर खांद्यावरच्या जाड शिवणीही तशाच टोचतात.

पाठीवर खांदापट्टीखाली एक मधली किंवा दोन बाजूंच्या चुण्या असतील तर उत्तम. हात पुढं गेले की त्या उघडतात, मागं आले की मिटतात.

घेराकडं नीट बघा. गोल घेराचा शर्ट खोचायला चांगला म्हणतात, पण बाजूला कमरेच्या हाडापाशी तो किती वर कापलाय ते महत्त्वाचं. फार वर असेल तर दुडकीत उठबस करताना शर्ट आधी बाजूनं सुटतो, मग मागून.

खिसे: एक पुरे, तोही झाकणाचा, आणि स्वारीत रिकामा. छातीच्या खिशात मोबाईल किंवा पेन ठेवून घोड्यावर बसू नका. पडलात तर ती वस्तू बरगडीखाली येते.

छातीवर मोठी भरतकामाची खूण असेल तर आतलं अस्तर हात लावून बघा, ते खरखरीत असतं.

बाही लांबच बरी. ऊन, बाभळीचे काटे, उसाच्या पाल्याची धार, पावसाळ्यात जंगलातल्या जळवा, सगळ्यांपासून आडोसा होतो. कफाचं बटण लागलेलंच हवं. अर्धवट गुंडाळलेली बाही सुटून लगामात अडकते. गुंडाळायचीच असेल तर वर पट्टी-बटण असलेली घ्या.

*सावध:* मुलांना ‘वाढत्या अंगाचा’ शर्ट शाळेसाठी घ्या, घोड्यासाठी नको. बोटांवर उतरलेली बाही आणि लगाम ही जोडी धोक्याची आहे. टोपीचा टी-शर्ट आणि गळ्यातली लोंबती दोरीही नको.

मुली आणि बायकांसाठी तीन गोष्टी. आधी आधार देणारी स्पोर्ट्स ब्रा निवडा, मग तीच घालून शर्टाचं माप घ्या. हा क्रम उलटला की छातीवरची दोन बटणं ताणून फट पडते. दुसरं, लांब कुर्त्याचा बाजूचा काप रिकिबीत पाय टाकताना आडवा येतो, तेव्हा स्वारीला आखूड शर्टच बरा. तिसरं, ओढणी तबेल्यातच काढून ठेवायची. मंगळसूत्र किंवा साखळी शर्टाच्या आत.

५. दुकानात खुर्चीवर परीक्षा

लाज न बाळगता करायची गोष्ट ही आहे. स्वारीची पँट आणि रोजचा बेल्ट घालूनच दुकानात जा. शर्ट खोचून ट्रायल रूममधून बाहेर या आणि दुकानदाराकडं बिनहाताची खुर्ची मागा. खुर्चीवर उलटं, तिच्या पाठीकडं तोंड करून दोन्हीकडं पाय टाकून बसा.

लगाम धरल्यासारखे हात धरा. आता तळपायांवर भार देऊन बैठक वीतभर उचला आणि टेका, दुडकीत करतो तसं, वीस-पंचवीस वेळा. मग पुढं वाकून घोड्याच्या मानेवर थोपटल्यासारखा उजवा हात लांब करा. डावा खांदा वळवून मागं बघा. वाकून पायाजवळची रिकीब चाचपल्यासारखं करा. शेवटी उभे राहा, पण शर्टाला हात लावू नका. आरसा बघा.

मागचा घेर खोचलेलाच आहे का? छातीची बटणं ताणली नाहीत ना? कॉलर एका बाजूला सरकली का? कफ मनगटावरच आहे का? काखेत काही काचलं का? एकाही प्रश्नाचं उत्तर मनासारखं आलं नाही तर शर्ट परत ठेवा. ‘धुतल्यावर सैल होईल’ असं दुकानदार म्हणेल. सुती कापड धुतल्यावर आटतं, सैल होत नाही.

पोरं बघतात, हसतात, हसू देत. पाच मिनिटांचं काम आहे.

६. रंग

पांढरा शुभ्र नको. खानापूर-बेळगावकडची तांबडी माती त्यावर कायमची बसते, आणि खोगिराच्या ओल्या चामड्याचा रंगही. काळा उन्हात तापतो. गडद रंगांकडं, विशेषतः गडद निळ्याकडं, घोडमाश्या जास्त येतात. राखाडी, फिकट खाकी, मातकट, बारीक चौकडी हे रंग डाग आणि केस दोन्ही सोसतात. घोडा पांढरा असेल तर फिकट, तपकिरी असेल तर थोडा मातकट घेतला की गळणारा केस डोळ्यांत भरत नाही.

७. शिवून घेणार असाल तर

तयार शर्टात मनासारखी पाठ मिळत नसेल तर शिवून घेणं चांगलं, आणि सीमाभागात ते अवघड नाही. इचलकरंजीचं शर्टिंग जवळच आहे. लांब बाहीला ५८ इंच पन्ह्याचं (रुंदीचं) १.६० मीटर कापड लागतं, पाठीच्या चुण्या आणि वाढीव उंचीसाठी २० सेंटिमीटर जास्त घ्या. शिवायला देण्याआधी कापड रात्रभर पाण्यात भिजवून, सावलीत वाळवून, इस्त्री करून द्या. आटायचं ते आधीच आटतं.

मास्तरना तोंडी ‘जरा मोकळा शिवा’ असं सांगू नका. ते चारी बाजूंनी मोकळा करून ठेवतात. नेमकं सांगायचं:

“मास्तर, पाठीत दोन चुण्या द्या, मुंढा वरच ठेवा आणि मागची उंची दोन इंच वाढवा.”

“मुंढा वर ठेवला तर काखेत धरंल की हो.”

“म्हणून काखेत चौकोनी तुकडा घाला. बाही लावायच्या आधी नुसती टाचून द्या, मी बसून बघतो.”

काखेतला तो हाताच्या तळव्याएवढाही नसलेला तुकडा सगळा फरक करतो. हात उचलला की तो उघडतो आणि शर्ट जागेवर राहतो. पक्की शिवण मारण्याआधी स्टुलावर बसून बघण्याचा आग्रह धराच. उसवून परत शिवताना कापडाला भोकं पडतात.

८. घोड्यावर पहिली परीक्षा

नवा शर्ट आधी धुवा. खळ निघते, दुकानाचा वासही जातो. अत्तर किंवा उग्र स्प्रे मारून घोड्यासमोर जाऊ नका.

खोगीर घालण्याआधी तो शर्ट घालूनच घोड्याला खरारा करा. हात वर-खाली होतात, वाकावं लागतं, आणि घोडाही शर्ट हुंगून घेतो. मग शेजारी चालत एक फेरी मारा, हात उंचावून दाखवा. कान मागं गेले, अंग आकसलं, तर घाई नको.

तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) तपासून बसा. दहा मिनिटं नुसती चाल, मग थांबा. पाच मिनिटं दुडकी, परत थांबा. प्रत्येक थांब्याला काख, कॉलर, मागचा घेर तपासा. पहिल्याच दिवशी दौड नको.

उतरताना एका गोष्टीकडं लक्ष द्या: पोट खोगिरावरून घासत खाली येतं. पुढचं एखादं बटण तिथं अडकतं का? बेल्टचं मोठं बक्कल चामड्यावर ओरखडा काढतं, चपटं बक्कल वापरा.

*तपासा:* घरी येऊन आरशात काख, मान आणि कंबर बघा. लाल रेघ दिसली तर तिथली शिवण दोषी. एक-दोन दिवसांत ‘सवय होईल’ म्हणून सोडू नका, घामानं ती जागा चिघळते.

९. खोचायची पद्धत

एनसीसीत किंवा पलटणीत गेलेल्यांना ही ठाऊक असते. शर्ट सगळीकडून खाली ओढून खोचा. दोन्ही बाजूंच्या शिवणी चिमटीत धरून जास्तीचं कापड मागं सपाट दुमडा आणि त्यावर बेल्ट आवळा. मग एकदा खाली बसून उठा, म्हणजे पाठीत हवी तेवढी ढील आपोआप बाहेर येते. ही ढील काढली नाही तर पहिल्या दुडकीतच ती शर्टाला उपसते. पुढं मात्र कापड सपाट ठेवा. आत बनियन असेल तर तोही खोचलेला हवा, नाहीतर त्याची गोळी होऊन बेल्टखाली रुतते.

१०. धुणं आणि ठेवणं

केस ओल्या शर्टावरून निघत नाहीत. आधी वाळू द्या, झटका, कपड्याच्या ब्रशनं एकाच दिशेला झाडा, मगच पाण्यात टाका. घरच्या कपड्यांत मिसळू नका.

तांबड्या मातीचा डागही आधी सुकू द्या. घासून झाडा, उलट बाजूनं गार पाणी सोडा, मग साबण. क्लोरीनचं ब्लीच त्यावर टाकू नका. त्या मातीत लोह असतं, ब्लीचनं डाग उलट पक्का होतो. फार हट्टी असेल तर लिंबाचा रस लावून थोड्या वेळानं धुवा, पण रंगीत कापडावर आधी आतल्या शिवणीपाशी करून बघा.

लवकर वाळणाऱ्या कापडाला सुगंधी सॉफ्टनर नको, त्याचा थर बसला की कापड घाम ओढेनासं होतं. इस्त्रीही हलकी. पावसाळ्यात शर्ट गोळा करून बादलीत ठेवू नका. रात्री पंख्याखाली उलटा टांगा, नाहीतर सकाळी काखेला कुबट वास आणि बुरशीचे काळे ठिपके दिसतात.

महिन्यातून एकदा बटणं ओढून बघा, काजं उसवली असतील तर टाके घाला. कोपर झिरझिरीत झालं किंवा काखेची शिवण दुसऱ्यांदा सुटली की तो शर्ट स्वारीतून काढून खराऱ्यासाठी तबेल्यात टांगा. पण त्याआधी तो अंगाला नीट बसत असेल तर मास्तरकडं नेऊन त्याच्यावरून माप उतरवून घ्या.